दमसास वाढवायचा, पण तंत्र सांभाळून

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत: कराटे, कुस्ती, तायक्वांदो किंवा मर्दानी खेळांचा सराव चालू असताना त्याला सर्किट ट्रेनिंगची (ठरावीक व्यायाम एकामागून एक, फारशी विश्रांती न घेता करण्याच्या पद्धतीची) जोड द्यावी का, आणि द्यायची तर कशी. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर जरा लांबले आहे, कारण मूळ विचार त्यातच मांडला आहे. उरलेल्या तिघांनीही ते आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न: मी ३४ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. चार वर्षांपासून कराटे शिकत आहे, सध्या तपकिरी पट्टा आहे. आठवड्यातून तीन दिवस दीड तासाचा वर्ग असतो. किहोन (मूलभूत तंत्रांचा सराव) आणि काता (ठरावीक क्रमाच्या हालचाली) व्यवस्थित होतात, पण कुमिते (जोडीदाराशी प्रत्यक्ष लढत) सुरू झाले की मिनिटभरातच धाप लागते, हात खाली येतात आणि समोरची मुलगी गुण घेऊन जाते. घरी व्यायामाची साधने नाहीत. सर्किट ट्रेनिंगचा उपयोग होईल का? रोज चार मिनिटांचा टबाटा (जोराचा व्यायाम आणि अगदी थोडी विश्रांती यांची आवर्तने) केला तरी पुरतो असे ऐकले, ते खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: उपयोग निश्चित होईल. मात्र त्याआधी एक काम करा आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. चार वर्षे नियमित सराव करणाऱ्या स्त्रीला एका मिनिटात धाप लागत असेल, तर व्यायाम वाढवण्यापूर्वी ही शक्यता तपासलीच पाहिजे. लोह कमी असताना सर्किट करणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरत राहणे होय.

दुसरी गोष्ट पुढच्या वर्गात स्वतःच पाहा. कुमितेत उभ्या राहिल्यावर खांदे कानांकडे चढतात का? प्रतिस्पर्धी पुढे आली की श्वास कोंडला जातो का? मुठी सतत आवळलेल्या राहतात का? पुष्कळ जणांचा दम फुप्फुसे कमकुवत असल्यामुळे जात नाही, तर भीतीने आखडलेले शरीर विनाकारण काम करत राहते म्हणून जातो. प्रहाराच्या क्षणी किआई (जोराची आरोळी) देण्यामागे श्वास मोकळा सुटावा हाही हेतू आहे. तुमची किआई घशात अडकत असेल, तर सुधारणेची सुरुवात तेथूनच करावी लागेल.

आता सर्किटविषयी. ही पद्धत ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. अ‍ॅडमसन यांनी १९५३ मध्ये बसवली. ठरावीक व्यायामांचे थांबे मांडायचे, एका थांब्यावरून दुसऱ्यावर जाताना फारशी विश्रांती घ्यायची नाही, आणि पाय, हात, पोट, पाठ असे शरीराचे भाग आलटून पालटून कामाला लावायचे, एवढेच तिचे सूत्र आहे. पाय काम करत असताना हातांना थोडी उसंत मिळते, पण हृदयाला मिळत नाही. त्यामुळे थोड्या वेळात स्नायूंची चिकाटी आणि दमसास ही दोन्ही वाढतात. कुमितेला नेमके हेच लागते. प्रौढांची कुमितेची लढत ३ मिनिटांची असते आणि तिच्यात प्रत्यक्ष झडप एक-दोन सेकंदांचीच असते. त्या झडपेची ताकद स्नायूंत साठवलेल्या तात्काळ ऊर्जेतून येते, परंतु दोन झडपांच्या मधल्या वेळात ती ऊर्जा पुन्हा भरून काढण्याचे काम प्राणवायूवर चालणारी यंत्रणा करते. तुमची पहिली झडप चांगली जात असेल आणि पाचवी ढिली पडत असेल, तर उणीव या भरून काढण्यात आहे.

माझे या बाबतीतले मत ठाम आहे आणि ते मी चूक करून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी वर्गाला रंगत यावी म्हणून मी सर्किटमध्येच लाथा घातल्या: २५ बर्पी (खाली बसून पाय मागे टाकणे, पुन्हा उठून उडी मारणे), लगेच १० मावाशी-गेरी (बाजूने गोलाकार येणारी लाथ), पुन्हा बर्पी. तिसऱ्या फेरीत एका मुलाकडे माझे लक्ष गेले. त्याचा टेकलेला पाय फिरतच नव्हता. टाच जमिनीला चिकटून राहिली होती, कंबर मात्र वळत होती, आणि तो सगळा पीळ गुडघ्यात जाऊन गुडघा आत झुकत होता. चेहऱ्यासमोर असायला हवा तो हात कमरेशी लोंबत होता. मी थांबवेपर्यंत तशा सात-आठ लाथा मारून झाल्या होत्या. पुढे दोन आठवडे त्याचा गुडघा दुखत राहिला, आणि हात खाली सोडण्याची सवय जायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. थकलेले शरीर जे करते तेच ते शिकते. म्हणून तंत्र ताज्या अंगाने आणि दम साध्या व्यायामांनी, अशी विभागणी मी तेव्हापासून कटाक्षाने पाळतो. ज्या हालचाली बिघडल्या तरी सांध्याला इजा होत नाही आणि ज्यांचा आपल्या कलेच्या तंत्राशी थेट संबंध नाही, अशाच हालचाली सर्किटमध्ये घ्याव्यात.

तुमच्यासाठी आठ थांबे पुरेत: बैठका, गुडघे टेकून किंवा पूर्ण पुशअप, दोरीवरच्या उड्या, मजबूत टेबलाखाली उताणे पडून त्याच्या कडेला धरून छाती वर ओढणे, बाजूला लंज (एक पाय बाजूला टाकून त्या गुडघ्यात वाकणे), कोपरांवर प्लँक (अंग सरळ ताठ धरून ठेवणे), उताणे पडून पाय जमिनीवर ठेवून कंबर उचलणे, आणि शेवटी जागच्या जागी गुडघे उंच घेत धावणे. टेबल हलत असेल तर तो व्यायाम करू नका. त्याऐवजी पाण्याने भरलेली बादली कमरेत वाकून एका हाताने वर ओढा, मग हात बदला. ओढण्याचा व्यायाम टाळू मात्र नका, कारण कराटेत सगळी ढकलाढकल पुढच्या दिशेने होते, पाठीचे स्नायू मागे पडतात आणि मग खांदे पुढे झुकतात.

पहिले दोन आठवडे ३० सेकंद काम आणि ३० सेकंद विश्रांती या हिशेबाने दोन फेऱ्या करा, मध्ये २ मिनिटे संथ चाला. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात तीन फेऱ्या करा. विश्रांतीसह त्याला साधारण २८ मिनिटे लागतात. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात फेऱ्या तीनच ठेवून ४० सेकंद काम आणि २० सेकंद विश्रांती घ्या. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, तेही वर्ग नसलेल्या दिवशी आणि दोन्हींमध्ये निदान ४८ तास ठेवून. आठवड्यातला एक दिवस संपूर्ण विश्रांतीचा असावा. घड्याळ संपेपर्यंत रेटायचे नाही. बैठकीत टाच उचलली गेली किंवा पुशअपमध्ये कंबर खचली की तो थांबा तेथेच संपला असे समजा. वेळ संपलेली नसली तरी चालेल.

सातव्या आठवड्यापासून लढतीचे घड्याळ हाती घ्या. ३ मिनिटे हलके उसळत राहा आणि दर १५ सेकंदांनी ३ सेकंद जागच्या जागी जीव तोडून धावा. मग १ मिनिट विश्रांती घ्या आणि असे तीन वेळा करा. यात ठोसे-लाथा घालण्याचा मोह होईल, पण तो आवरा. त्या वर्गात सरांच्या देखरेखीखाली येऊ द्या. परीक्षा किंवा स्पर्धा असलेल्या आठवड्यात सर्किट निम्मे करा.

टबाटाविषयी. इझुमी टबाटा यांचे १९९६ चे संशोधन शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर, स्थिर सायकलवर झाले होते. २० सेकंद काम, १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने असत. त्यांची तीव्रता इतकी होती की शेवटी पाय फिरवणेच अशक्य व्हावे. त्या आवर्तनांच्या आधी १० मिनिटे शरीर तापवले जाई आणि आठवड्यातल्या एका दिवशी अर्ध्या तासाचा मध्यम तीव्रतेचा व्यायामही असे. आज टबाटा म्हणून जे चालते त्यातले बरेचसे फक्त घड्याळापुरते टबाटा असते. चार मिनिटांचा कोणताही व्यायाम काहीच न करण्यापेक्षा बरा, पण तेवढ्याने कुमितेचा दम येईल अशी आशा धरू नका.

प्रगती मोजायला एक सोपी खूण आहे. फेरी संपताच १० सेकंद नाडी मोजा, १ मिनिटाने पुन्हा मोजा. या दोन आकड्यांमधला फरक आठवड्यागणिक वाढत गेला, तर दम परत येण्याचा वेग वाढतो आहे असे खुशाल समजा.

प्रश्न: मी १९ वर्षांचा असून सांगली जिल्ह्यातील तालमीत राहतो. पहाटे ५०० जोर आणि १००० बैठका मारतो, मग लढत असते. मॅटवरच्या कुस्तीत दुसऱ्या डावात हात जड होतात. मित्र म्हणतात जिममध्ये सर्किट कर, वस्ताद म्हणतात जोर-बैठका पुरेत. कुणाचे ऐकावे? (एक वाचक)

उत्तर: वस्तादांचे ऐका, पण त्यांना तुमची अडचण मोकळेपणाने सांगून. तुमच्या जोर-बैठकांनी जो पाया घातला आहे, तो जिममधल्या कुठल्याही यंत्राने इतक्या स्वस्तात घातला नसता. तरीही दोन गोष्टी समजून घ्या. जोर ढकलण्याचा व्यायाम आहे आणि बैठक पायांचा. कुस्तीत मात्र पकड, खेचणे आणि उचलणे याला तितकेच महत्त्व आहे. दुसरे म्हणजे ५०० जोर एका लयीत मारताना शरीर एका संथ गतीला सरावते, तर मॅटवरची लढत ३ मिनिटांच्या दोन डावांची आणि मध्ये केवळ ३० सेकंदांच्या विश्रांतीची असते. मातीतल्या जुन्या कुस्त्या तासन्‌तास चालत, तेव्हा त्या संथ गतीचाच दम उपयोगी पडे. मॅटवर दम फार लवकर खर्ची पडतो आणि फार लवकर परतही यावा लागतो.

सर्किट म्हणजे काहीतरी परके आहे, असे मानण्याचे मात्र कारण नाही. दोर चढणे, फावड्याने हौद्याची माती उकरणे, करेला (जड लाकडी मुदगल) आणि गदा फिरवणे, जोडीदाराला खांद्यावर घेऊन धावणे हे सारे तालमीत पिढ्यान्‌पिढ्या आहेच. ते एका रांगेत मांडले आणि घड्याळ लावले, की त्याचेच सर्किट होते. वस्तादांना विचारून आठवड्यातले दोन दिवस जोर २०० वर आणा आणि उरलेल्या वेळात असे करा: ३० सेकंद माती उकरणे, ३० सेकंद दोर (दोर नसेल तर आडव्या दांड्याला टॉवेल टाकून लोंबकळणे), ३० सेकंद सपाट्या, ३० सेकंद जोडीदाराला उचलून चालणे, ३० सेकंद करेला आणि शेवटी ३० सेकंद पूल बांधून मानेचा व्यायाम (डोके आणि पाय टेकून अंग कमानीसारखे उचलणे). मानेवर वजन घेण्याची सवय नसेल तर तिथे प्लँक करा. हे सलग केले की ३ मिनिटे होतात. मग घड्याळ लावून ३० सेकंद थांबा आणि पुन्हा एकदा करा. हे झाल्यावर ५ मिनिटे पूर्ण विश्रांती घ्या. असे तीन वेळा झाले की त्या दिवशी लढत धरू नका.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते मातीत वाढलेल्या अंगाने मॅटवर उतरून. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न मिळता लगेच पुढच्या कुस्तीला उभे राहावे लागले, असे सांगितले जाते. एका लढतीचा दम आणि लगोलग दुसऱ्या लढतीला उभे राहण्याचा दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेच्या दिवशी तुम्हालाही तीन-चार कुस्त्या खेळाव्या लागतात. ५ मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा उभे राहण्याचा सराव वर सांगितला आहे तो त्याचसाठी.

प्रश्न: माझी मुलगी १२ वर्षांची असून तायक्वांदो खेळते. तिच्या वर्गात दोन महिन्यांपासून आठवड्यातून चार दिवस सर्किट घेतात आणि त्यात बाकावर उड्या मारण्याचे प्रमाण फार आहे. आता तिच्या गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा आला आहे. खालच्या वजनगटात बसावे म्हणून रात्रीचे जेवण बंद करण्यासही सांगितले आहे. शिवाय सासूबाई म्हणतात की अशा व्यायामाने उंची खुंटते. काय करावे? (एक आई, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: उड्या आजच थांबवा आणि तिला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढीच्या वयात मांडीच्या पुढच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या हाडावर जेथे चिकटतो, तेथील हाड अजून कोवळे असते. उड्या आणि लाथांनी तेथे वारंवार ओढ बसली की तो भाग सुजतो आणि उंचवटा येतो. ऑसगुड-श्लॅटर या नावाने ओळखला जाणारा हा त्रास धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलामुलींत पुष्कळ दिसतो आणि भार कमी केल्यावर बहुतेकांचा बराही होतो. मात्र निदान डॉक्टरांनीच करावे.

सासूबाईंची काळजी मायेची आहे, पण योग्य देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटते असे दिसून आलेले नाही. धोका असतो तो चुकीच्या पद्धतीचा आणि अतिरेकाचा. या वयात आठवड्यातून दोन वेळा, १५ ते २० मिनिटांचे, खेळासारखे वाटणारे सर्किट पुष्कळ झाले: खेकड्यासारखे चालणे, दोन-तीन किलोचा चेंडू छातीपासून फेकणे, एका पायावर तोल सांभाळणे, बैठका, प्लँक. दुखणे पूर्ण थांबून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर उड्या हळूहळू, मोजून आणि मऊ पृष्ठभागावर सुरू कराव्यात.

जेवणाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. वाढत्या मुलीला वजनगटासाठी उपाशी ठेवणे चूक आहे, सांगणारा कोणीही असो. ज्या वर्षांत हाडे भरतात आणि पाळी सुरू होते, त्याच वर्षांत अन्न कमी पडले तर हाडे ठिसूळ होतात, पाळी लांबते किंवा थांबते, दुखापती वाढतात आणि खेळही मागे पडतो. तिचे नैसर्गिक वजन ज्या गटात बसते त्याच गटात तिला खेळू द्या. प्रशिक्षकांशी आधी शांतपणे बोला. त्यांनी ऐकले नाही तर वर्ग बदला. एका स्पर्धेच्या पदकासाठी तिची हाडे खर्ची घालू नका.

प्रश्न: मी ५२ वर्षांचा, कोल्हापूरचा. तरुणपणापासून मर्दानी खेळ खेळतो आणि शिकवतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवजयंतीच्या प्रात्यक्षिकांत अर्धा तास लाठी आणि दांडपट्टा फिरवताना आता खांदे भरून येतात. सर्किट करावे का? (एक वाचक)

उत्तर: डॉक्टरांची संमती असेल तर करावे, आणि ही संमती घेताना दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: रक्तदाब सध्या आटोक्यात आहे का, आणि चालू असलेली गोळी कोणत्या प्रकारची आहे. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळीने नाडीची गतीच कमी राखली जाते. त्यामुळे नाडी मोजून व्यायामाची तीव्रता ठरवण्याचा नेहमीचा हिशेब तुम्हाला लागू पडणार नाही. त्याऐवजी बोलून पाहा. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांतच धाप लागली तर वेग कमी करा. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर पाण्याकडे अधिक लक्ष हवे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे श्वास कोंडून जोर लावू नका. त्या क्षणी रक्तदाब एकदम उसळतो. म्हणून दीर्घकाळचा प्लँक, भिंतीला टेकून खुर्चीसारखे बसणे आणि जड वजने हे प्रकार तुमच्या सर्किटमध्ये नकोत. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून पुशअप, एका पायरीवर चढ-उतार, रबरी पट्टा छातीकडे ओढणे, हलके मुदगल खांद्यामागून फिरवणे आणि ओला टॉवेल पिळणे असे सहा थांबे घ्या. प्रत्येकी ३० सेकंद काम आणि ४५ सेकंद विश्रांती. दोन फेऱ्यांनी सुरुवात करा आणि महिन्याने तिसरी जोडा. खांदे भरून येण्याचे कारण बहुधा खांद्यात कमी आणि मनगट-पकडीत जास्त असते. लाठी घट्ट आवळून फिरवली की सगळा भार वर चढतो. टॉवेल पिळणे आणि मुदगल यांचा फायदा तुम्हाला तेथेच दिसेल.

सुरुवातीला १० मिनिटे चालणे आणि शेवटी पुन्हा १० मिनिटे संथ चालणे सोडू नका. एकदम थांबलात तर रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांना ती लवकर येते. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर तो दिवस तेथेच संपवून थेट रुग्णालयात जा. प्रात्यक्षिक १९ फेब्रुवारीला असेल, तर नोव्हेंबरच्या अखेरीस सुरुवात करा आणि प्रात्यक्षिकाच्या आधीचे चार दिवस सर्किट बंद ठेवून फक्त लाठी हातात घ्या.